दोघांना दिसलं तरच

मला आधी आकाशाने फसवलं, मग मित्राने. आकाशाला मी कधीच माफ करून टाकलं. त्याने काही मला बोलावणं धाडलं नव्हतं, मीच दुर्बीण घेऊन त्याच्या दारी गेलो होतो. मित्राचं तसं नाही. त्याची आठवण आली की अजून दात आवळले जातात, आणि मग बायको म्हणते, सोडून द्या आता. काय सोडून द्या?

मी मोटारी बांधतो. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे, वर वार्निश पाजायचं आणि शेतकऱ्याच्या शिव्या खात संध्याकाळच्या आत परत द्यायची. धामणगाव बढ्यात रस्त्याला लागून माझं दुकान आहे आणि गावाबाहेर तीन एकर ओलिताचं वावर. मोठ्या मोटारीची तार जाड असते, ती हाताच्या अंदाजानेही भरता येते. पंख्याची आणि मिक्सरची तार मात्र केसाएवढी. तिथे डोळा लागतो. एक वेढा चुकला की मिक्सर दोन दिवसांत धूर सोडतो आणि बाई तो काखेत मारून दुकानात भांडायला येते.

डोळ्यांची धास्ती आमच्या घरातच होती. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. तो आजार एकदम येत नाही, कडेकडेने आत सरकतो. समोरचं दिसत असतं म्हणून माणूस गाफील राहतो. बाबा ताटाच्या कडा चाचपायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारपणाची सवय असेल. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं सांभाळा. पुढे तेही उरलं नाही. हा आजार बापाकडून लेकाकडे येऊ शकतो, हे त्याच डॉक्टरांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून रोज सकाळी मी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचतो, मग दुसरा झाकून वाचतो. बायको म्हणते, "अवो, तुमाले ते कॅलेंडर पाठच झालं असन आता."

आकाशाची चटक मला रात्रीच्या लाइनीने लावली. आमच्याकडे शेताची लाइन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात सगळं गाव बॅटऱ्या घेऊन वावरात. मोटार चालू केली, मातीच्या दांडात पाणी सोडलं, की एक वाफा भरेपर्यंत बसून राहायचं. बसून काय करणार? वर पाहायचं. मृग, रोहिणी, व्याध हे बाबांनी पेरणीच्या हिशेबाने शिकवले होते. मग मोबाईलवर कळलं की त्यांच्या मधल्या काळ्या जागा काळ्या नाहीतच, तिथे तेजोमेघ आहेत, ताऱ्यांचे गुच्छ आहेत, आपल्यासारख्या दुसऱ्या दीर्घिका आहेत. झालं. मी सहा इंची आरशाची दुर्बीण मागवली. चार फुटांची नळी, खाली फिरती लाकडी बैठक. बायकोने खोकं उघडल्यावर एवढंच विचारलं, "बोअरचा पाइप हाय काय?"

मित्र माझा लहानपणापासूनचा. माझ्या दुकानाला लागूनच त्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खत, फवारणीचं औषध. आमच्या दोन दुकानांत एकच भिंत, आणि ती भिंतही नावालाच होती. चहा एकत्र, पेपर एकत्र, दिवसातून दहा वेळा हाका. माणूस गोड. त्याच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. गिऱ्हाइकाने नसलेलं वाण मागितलं तरी म्हणणार, "हाय ना भाऊ, उद्या येऊन राह्यलं." गिऱ्हाईक खूश, हाही खूश. उद्याचं उद्या. मला त्याचा हा स्वभाव फार आवडायचा. आता लिहितानाही लाज वाटते.

पहिल्या रात्री मी त्याला वावरात नेलं आणि दुर्बीण मृगाकडे लावली. मृगाच्या पोटातले तीन ओळीतले तारे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या खाली अजून एक अंधुक ओळ आहे, आणि तिच्यात मधे जे धुरकट दिसतं तो तारा नसून तेजोमेघ आहे. तो नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो. दुर्बिणीतून तर विचारू नका, हिरवट पांढरा उजेड दोन्हीकडे पंख पसरल्यासारखा, आणि पोटात चार बारीक तारे दाटीने बसलेले. मित्राने भिंगाला डोळा लावला आणि "अरे बाप रे!" म्हणून असा मागे उडाला की त्याच्या खांद्याने नळीच हलली. "हे खरंच तिथं हाय काय बे?" त्याने विचारलं.  एखादी गोष्ट आपल्याला आवडावी आणि आपल्या माणसालाही आवडावी, याच्यासारखं सुख नाही.

मग मी नवशिक्यासारखा फसत गेलो. काय पाहायचं ते मोबाईलवरचे फोटो पाहून ठरवायचो. घोड्याच्या तोंडाचा तेजोमेघ फोटोत लालभडक दिसतो, म्हणून दोन रात्री तो शोधला. घोडा सोडा, घोड्याची शेपटीही दिसली नाही. देवयानी दीर्घिका शोधली तर पुसलेल्या पाटीवरच्या डागासारखं काहीतरी निघालं. नंतर कळलं की ते फोटो तासन् तास उजेड साठवून काढतात आणि डोळ्याला साठवता येत नाही. मग मी मोबाईलवर मिळालेल्या एकशे दहा वस्तूंच्या यादीतला तेजाचा आकडा पाहून निवडायला लागलो. आकडा चांगला म्हणजे वस्तू सोपी, असा माझा समज. तिथेही तोंडावर आपटलो. यादीत तेहतिसाव्या नंबरची एक दीर्घिका आहे, त्रिकोण तारकासमूहात. आकडा झकास, आणि दुर्बिणीत काळोख.

त्याचं उत्तर मला वाफ्याने दिलं. एक बादली पाणी एका आळ्यात ओतलं तर तळं दिसतं. तीच बादली एकरभर शिंपडली तर ढेकूळही भिजल्यासारखं वाटत नाही. पाणी तेवढंच. दीर्घिकेचा उजेडही तसा पसरलेला असतो, आकडा मात्र सगळ्या उजेडाचा मिळून दिलेला असतो. हे कळलं त्या रात्री मी एकटाच दांडावर बसून हसलो. मग निवडायची माझी पद्धत बसली. आधी लहान आणि दाट वस्तू. पसरट वस्तू चंद्र नसलेल्या रात्रीच, आणि त्यातही ती डोक्यावर आलेली असताना, कारण उत्तरेला मलकापूरचा उजेड आणि पश्चिमेला शेजाऱ्याची पुरुषभर तूर. अमावस्या आणि रात्रीची लाइन एकाच आठवड्यात आली की माझी दिवाळी.

अजून एक युक्ती शिकलो, तिरपी नजर. अंधुक वस्तूकडे थेट पाहायचं नाही, जरा बाजूला पाहायचं. अंधारात डोळ्याच्या कडेला जास्त कळतं, मधल्या भागाला कमी. थेट पाहिलं की गायब, बाजूला पाहिलं की हजर.

पाहिलेल्या वस्तूंची वही आम्ही दोघांनी मिळून सुरू केली. नियम मित्राने काढला, हे लक्षात ठेवा. तो म्हणाला, "एकट्याले दिसलं तर तो भास बी असू शकते. दोघांले दिसलं तरच लिहायचं." मला तो नियम इतका पटला की मी वहीच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून टाकला. गुच्छ भराभर लिहिले गेले. मग पुन्हा तेहतीस नंबर काढला. मी अर्धा तास डोळा लावून बसलो. काहीतरी आहे असं वाटायचं, पुढच्या क्षणाला नाही असं वाटायचं. मित्र आला, डोळा लावला, दहा आकडे मोजायच्या आत म्हणाला, "हाव! दिसलं ना बे. हे काय, गोल गोल."

"कुठं?"

"मधातच. जरा डाव्या अंगाले. तुले नाई दिसत?"

मी पुन्हा बसलो. पुन्हा तेच, असल्यासारखं आणि नसल्यासारखं. त्या रात्री वहीत काही लिहिलं नाही. पुढच्या अमावस्येला चौऱ्याहत्तर नंबर, त्याच्या पुढे एकशे एक. प्रत्येक वेळी त्याला दहा आकड्यांत दिसायचं आणि मी तासभर पाहून थकायचो. "मस्त हाय," तो म्हणायचा. "हात पसरल्यावाणी हाय." मी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी सुरू केली: त्याला दिसलं, मला नाही. हिवाळा संपेपर्यंत त्या पानावर सतरा नंबर झाले.

आणि मग एक दिवस दुकानात तार सोलताना माझ्या डोक्यात लख्खकन आलं. तिरपी नजर म्हणजे डोळ्याची कड. काचबिंदू आधी काय खातो? कड. बाबांना समोरचं दिसत होतं आणि ताटाची कड दिसत नव्हती. मला कॅलेंडरची अक्षरं दिसतात आणि दीर्घिका दिसत नाही. हातातली तार खाली पडली.

मी भिंतीपलीकडे जाऊन मित्रासमोर बसलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, "माह्ये डोळे चालले काय बे? बाबासारखे?"

तो खताच्या पोत्यांना टेकून उभा होता. त्याने मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं बे आता आपलं. तू कायले घोर लावून घेतं? मी हाव ना. मी पाहून सांगत जाईन तुले."

मी पाहून सांगत जाईन. हे वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं. भावाने भावाला म्हणावं असं वाक्य.

त्यानंतर मी बारीक काम बंद केलं. मिक्सर आला की तालुक्याला, मोताळ्याला जा म्हणायचो, पंखा आला की मोताळ्याला जा. एका बाईने विचारलं, "काऊन भाऊ, आमच्यावर राग हाय काय?" तिला काय सांगणार? ज्या हाताने केसाएवढी तार भरली त्या हाताने नुसत्या पाच अन् सात एचपीच्या मोटारी भरायला लागलो. यादीतूनही सगळ्या अंधुक दीर्घिका मी खोडल्या. उरले ते ठळक गुच्छ, तेही आता मी मनापासून पाहत नव्हतो. मी दुर्बीण लावायचो, मित्र पाहायचा आणि सांगायचा, आणि मी खाटेवर बसून ऐकायचो. बाबाही शेवटी असेच बसून असायचे. वावरात काय उगवलंय ते आम्ही सांगायचो आणि ते मान हलवायचे. मला दवाखान्यात जायची भीती होती. उरलंय तेवढं सांभाळा, हे वाक्य स्वतःबद्दल ऐकायची माझी छाती नव्हती.

शेवटी बायकोने धरून नेलं. तिसऱ्या हिवाळ्यात, बुलडाण्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात. थेंब टाकले, दाब पाहिला, एका यंत्रात तोंड घालून बसवलं आणि बारीक ठिणग्या दिसल्या की बटण दाबायला लावलं. डॉक्टरीण बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत तुमचे. कड अगदी शाबूत. वाचायला चष्मा लावा, आणि घरात आजार आहे म्हणून वर्षातून एकदा दाखवत जा."

माणूस किती गाढव असावा! मी त्या बाईंवर विश्वास ठेवला नाही. एसटीत बायको रडायच्या बेताला आली होती आनंदाने, आणि मी खिडकीतून घाट बघत मनात म्हणत होतो, यंत्राला काय कळतं, यंत्र दवाखान्यात बसून पाहतं, माझा मित्र आकाशात पाहून सांगतो. दोन्हीपैकी एक खोटं आहे एवढं कळत होतं. मी डॉक्टरला खोटं ठरवलं.

त्याच महिन्यात ती रात्र आली. अमावस्येचा आठवडा, रात्रीची लाइन, गव्हाला दुसरं पाणी. वृषभेच्या शिंगाच्या टोकाजवळ एक नंबरचा तेजोमेघ आहे, फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला धूर. नऊच्या सुमाराला तो आमच्याकडे अगदी डोक्यावर येतो. मी नळी सरळ उभी करून तो मधोमध बसवला. मला धुरकट काही भासत होतं, पण मी आता स्वतःला विचारणंच सोडलं होतं. तेवढ्यात पलीकडचा वाफा फुटल्याचा आवाज आला. दव पडत होतं, म्हणून आरसा ओला होऊ नये यासाठी मी नळीच्या तोंडावर झाकण ठेवलं. हे झाकण घरच्या दुधाच्या गंजावरचं, जुनं, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, चुलीवर काळंठिक्कर पडलेलं. ते नळीच्या तोंडावर असं बसतं की जणू तिथलंच. बायको ते रोज शोधते. मग मी फावडं घेऊन वाफ्याकडे पळालो.

चिखलात गुडघाभर उभा असताना मित्राची बॅटरी येताना दिसली. दुकान बंद करून तो नेहमीसारखा आला होता. मी तिथूनच ओरडलो, "एक नंबर लावून ठेवला हाय! पाह्य तवरक!"

झाकणाची मला आठवणच राहिली नाही. देवाशपथ सांगतो, मी त्याची परीक्षा घेत नव्हतो. परीक्षा घ्यावी असा संशय जरी आला असता तरी माझी दोन वर्षं वाचली असती.

त्याची बॅटरी विझली. थोडा वेळ गेला. मग अंधारातून त्याचा आवाज आला, खुशीतला, मोकळा. "हाव बे! दिसलं! काय झकास दिसून राह्यलं! मागच्या बारीपेक्षा बी साफ!"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वाफ्याचं फुटलेलं दार नीट लिंपून मी बांधावरून परत आलो, हात पँटला पुसले आणि म्हटलं, "कसं हाय?"

"लांबट हाय. कडेनं जरासं फाटल्यावाणी."

मी भिंगापाशी वाकलो. काळं. नळी सरकली असेल म्हणून तोंडापाशी हात नेला, आणि बोटांना थंड जर्मन लागलं.

मी तसाच उभा राहिलो. मोटारीचा आवाज येत होता, दांडातून पाणी चालल्याचा येत होता. झाकण काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते अंधारात चाचपलं, जसे बाबा ताट चाचपायचे तसं.

"हे काय होय?" तो म्हणाला.

"हे नळीवर होतं. तू पाहून राह्यला तवा."

तो नळीपासून एक पाऊल मागे सरकला.

"अजून काय काय पाह्यलं तू असं?"

"आता तू..." त्याने घसा साफ केला. "तू इतल्या जिवानं लावून देत होता. नाई कसं म्हणू बे? तुह्यं तोंड उतरलं असतं."

"दोन वर्षं?"

"अबे, मले कोणालेच नाई म्हणायची सवय नाई. तुले माईत हाय."

"मी तुह्यं गिऱ्हाईक होय काय?"

  खरं विचारायचं ते अजून विचारलं नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती. तरी विचारलं. "मी तुह्यापाशी आलो होतो. डोळे चालले काय म्हणून इचारलं होतं. बाबाचं नाव घेतलं होतं. तवा काऊन नाई बोलला? तवा म्हटलं असतं, मले बी काई दिसत नाई, तर काय गेलं असतं तुह्यं?"

तो बराच वेळ झाकण हातात फिरवत राहिला. "तवा लय उशीर झाला होता," तो म्हणाला. "तवा सांगितलं असतं तर तू मले खोटा म्हटलं असतं."

घ्या. म्हणजे आपण खोटे ठरू नये म्हणून याने मला आंधळं होऊ दिलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला त्याला मारावंसं वाटलं, फावडं जवळच होतं, आणि मी ते उचलून दांडावर गेलो आणि नसलेली गळती बंद करत बसलो. परत आलो तेव्हा तो गेला होता. झाकण खाटेवर ठेवलेलं होतं, नीट, पालथं.

चार आठवड्यांनी अमावस्या आणि रात्रीची लाइन पुन्हा एकत्र आली. मी एकटाच वावरात गेलो आणि मावळायच्या आत तेहतीस नंबर काढला. लाल कागद लावलेली बॅटरीही विझवली, डोक्यावर घोंगडी घेतली आणि तिरपं पाहिलं. तेच. असल्यासारखं आणि नसल्यासारखं. मग मी नळीला बोटाने हलकी टिचकी मारली. तारे हलले आणि त्यांच्यासोबत तो डागही हलला. भास असता तर हलला नसता. मी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा हलला. म्हणजे पहिल्या दिवशीही मला दिसलंच होतं. एवढ्या पसरट वस्तूचं दिसणं तसंच असतं, जेमतेम. मला दिसत होतं आणि मी एका न पाहणाऱ्याच्या शब्दावर ते खोडून टाकलं होतं. मी घोंगडीत तोंड घालून रडलो, संतापाने.

दुकानावर मी पाटी लावली, पंखे-मिक्सर बांधून मिळतील. गिऱ्हाइकं मात्र मोताळ्याला रुळली होती. भिंतीपलीकडून हाक येणं बंद झालं. जुनी वही मी माळ्यावर टाकली आणि नवी घेतली. जुन्यातली एकच नोंद मनात ठेवली होती, पहिली. मृगातला तेजोमेघ. तो मागे उडाला होता, नळी हलली होती, त्याच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं होतं. मी स्वतःला सांगायचो, तेवढं तरी खरं होतं. पुढचं सगळं त्याने माझं मन राखायला केलं, पण त्या रात्री आम्ही दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती. चाळीस वर्षांच्या मैत्रीत माझ्याजवळ एवढंच उरलं होतं, आणि मी ते धरून बसलो होतो.

पुढच्या महिन्यात तो आला. हातात गरम भज्यांचा पुडा, जसा नेहमी आणायचा तसा. बांधावर उभा राहून म्हणाला, "एक डाव अजून पाहू देशील? आता खरं सांगीन. आईची आन."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुर्बीण फिरवली आणि मृगाकडे लावली. मुद्दाम तेच लावलं. मला त्या पहिल्या रात्रीपर्यंत परत जायचं होतं, आणि तिथून पुढे जमलं तर जमलं. आधी झाकण काढलंय का ते हाताने पाहिलं, मग भिंगातून स्वतः पाहिलं. हिरवट उजेड, दोन पंख, चार तारे. माझी सासू मोतीबिंदूच्या डोळ्याने पाहून म्हणाली होती, बाई, केवढा उजेड पडला! तो न दिसणं शक्यच नाही.

"हे पाह्य," मी म्हटलं.

त्याने डोळा लावला. या वेळी दहा आकडे नाही, चांगला वेळ घेतला. डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. मग हळूच मान हलवली.

"नाई बा," तो म्हणाला. "खरं सांगतो. मले काईच नाई दिसत."

किती प्रामाणिकपणे म्हणाला! आवाजात पश्चात्ताप होता, डोळ्यांत पाणी असावं. आणि मला कळलं. त्याला वाटलं होतं, आता मला 'नाही' ऐकायचंय. म्हणून त्याने 'नाही' आणलं होतं, भज्यांच्या पुड्यासोबत.

"पह्यल्या दिवशी," मी म्हटलं, "पह्यल्या दिवशी तू अरे बाप म्हणून मांग उडाला होता. हेच होतं हे. तवा दिसलं होतं ना तुले?"

त्याने बॅटरी उजळली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मला काय म्हटलेलं आवडेल ते शोधत.

मी त्याच्या हातून बॅटरी घेतली, विझवली आणि नळीवर झाकण ठेवलं.